केळीचा ळ

गिरणेकाठच्या टेकडीवर आमचं ग्रंथालय.
मे महिन्यात रॅकचं लोखंड चटका देतं,
पुस्तकं मात्र पोटातून गार, माठासारखी.

मंगळवारी हर्षाली भंगाळे आली, सावद्याची.
एमएस्सीचं दुसरं वर्ष, विषय केळीवरचा करपा.
फोनमध्ये सहा संदर्भ,
स्वल्पविराम जिथल्या तिथे.
म्हणाली, एवढे काढून द्या मॅडम,
खाली बस उभी आहे.

चार मिळाले.
पाचव्याचं सगळं होतं : लेखक, प्रकाशक,
साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर, पान दोनशे बारा.
इतकं नेमकं, की शंका घेणं असभ्य वाटावं.
संगणकात नाही. राहुरीला फोन केला,
मग अकोल्याला.
तिथल्या बाई हसल्या : तुम्हीही तेच शोधताय?
या महिन्यात तुम्ही तिसऱ्या.

बस गेली.

हिलालअण्णा सातवी नापास,
तीस वर्षं याच धुळीत.
६३४.७७२ च्या फळीपुढे उकिडवे बसले,
कण्यांवरून बोट नेलं,
घडाच्या फण्या मोजतात तसं, सावकाश.
म्हणाले,
"मॅडम, हाई पुस्तक चोरी नही गयं.
चोरी गयं का मांगे जागा सोडस.
यानी जागाच नही आठे."

हर्षाली फोनकडे बघत राहिली,
ओळखीच्या माणसाने फसवावं तसं.

सहावा संदर्भ एका पत्रिकेचा, चाळीस पानांची.
तीही संगणकात नाही.
मी आता सरावले होते.
चिठ्ठीवर लिहिलं : असे प्रकाशन नाही.
खाली सही, तारीख, शिक्का.

चार वाजता अण्णा आले.
मत्स्यव्यवसायाच्या मागे पडलेली पत्रिका,
पाठीवर वाळवीची नक्षी,
आत आमचाच शिक्का.

नोंद उघडली मी.
दोन हजार चारचा उन्हाळा.
आठ हजार कार्डं, रोजंदारीवरची मी,
आणि नवा कळफलक, ज्यावर त्या दिवशी
ळ काही सापडेना.
मी टाइप केलं होतं : केली.

वीस वर्षं कोणी केळी शोधत आलं
आणि ही आत बसून राहिली,
केली म्हणून.
काय केली, कोणी केली,
विचारायला कोणी आलं नाही.
(आमच्या अहिराणीत तसाही ळ टिकत नाही,
डोळ्याचा डोया होतो.
पण ती सबब मी कोणाला सांगितली नाही.)

सही केलेली चिठ्ठी फाडणार होते.
फाडली नाही.

अमळनेरला आमच्या नळावर
कोणी कोणाच्या मोडलेल्या सोयरिकीची बातमी आणली
की आई हंडा खाली न ठेवता विचारायची,
"हाई तुले कोनी सांगं?"
नाव सांगितलं की, "आनि तिले?"
तिसऱ्या प्रश्नाला बातमीवाली
पाणी अर्धवट टाकून निघून जायची.
आईला सही करता येत नव्हती.

जुलैत नव्या पोरांचा तास.
फळ्यावर लिहायचं असतं : माहिती साक्षरता.
दरवर्षी डेटाबेसचे पासवर्ड सांगते मी,
लॉगिन कुठे, डाउनलोड कुठे,
साल बदलतं, पडद्यावरचं बटण जागा बदलतं,
मी पुन्हा बोट दाखवते.

यंदा पडद्यावर दोन चिठ्ठ्या लावल्या.
एक त्या नसलेल्या पुस्तकाची,
एक माझ्या सहीची.
म्हटलं, सांगा, यातली खोटी कोणती?
वर्ग हसला. मग कुजबुजला.
मागच्या बाकावरचा धडगावचा एक पावरा पोरगा
उभा राहिला, शर्टाची घडी अजून नवी.
मॅडम, केळीला ६३४.७७२ म्हणायचं,
हे कोणी ठरवलं?

सव्वीस वर्षं हा आकडा लिहितेय मी
डोळे मिटून.
दाराशी हिलालअण्णा उभे होते, फडकं खांद्यावर,
माझ्याकडे बघत.

बस, म्हटलं.
नको, बसू नकोस.
चल, बघून येऊ.